परसातल्या कोंबड्यांचा हिशेब

2019 च्या पशुगणनेत देशातल्या कुक्कुटपक्ष्यांची संख्या सुमारे 85 कोटी भरली. त्यातले 53 कोटींहून अधिक पक्षी व्यावसायिक शेडमधले होते आणि 2012 च्या गणनेपेक्षा त्यांच्यात साडेचार टक्क्यांची भर पडली होती. उरलेले जवळजवळ 32 कोटी घरांच्या परसात, अंगणात, उकिरड्यावर दाणे टिपणारे. त्यांची वाढ मात्र त्याच सात वर्षांत 46 टक्क्यांच्या घरात गेली. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देऊ लागल्यावर परसातली कोंबडी हळूहळू दिसेनाशी व्हावी, असा साधा तर्क होता. तो खोटा ठरला. सरकारी वाटपाच्या योजना आणि गावरानला मिळणारा चढा भाव ही त्यामागची दोन उघड कारणे. पण एखादी गोष्ट वाढली म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. घरोघरी दहा-दहा कोंबड्या पाळण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर, हे तपासून पाहायला हवे.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे, म्हणून त्या दोन माणसांच्या तोंडी घालतो. गाव सह्याद्रीच्या भातपट्ट्यातले, अकोले तालुक्यात शोभेल असे. वहिनी उमेद या ग्रामीण बचतगटांच्या अभियानात पशुसखी आहेत. गावातल्या शेळ्या-कोंबड्यांच्या लसीकरणाचे काम त्यांच्याकडे असते. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. कृषी पदविका घेऊन ते एका लेअर फार्मवर देखरेखीचे काम करतात. दोघेही कल्पित आहेत, त्यांचे म्हणणे मात्र गावोगावी ऐकू येणारे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: ज्या कुटुंबाला अंगण आहे त्याने अंड्यावरच्या थोड्या कोंबड्या जरूर पाळाव्यात, पण आधी घरातल्या ताटासाठी. धंदा म्हणून पाळायला गेले की हा हिशेब फसतो. भावजींचे आक्षेप या मताला कुठे धक्का देतात ते पाहू.

भावजी : वहिनी, तुमच्या बचतगटाच्या बायकांना तुम्ही कोंबड्या घ्यायला सांगता, पण एका अंड्याला खर्च किती येतो ते त्यांना सांगता का? आमच्या शेडमधली कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला 40 किलो. किलोला 30 रुपये धरले तरी 1,200 रुपये झाले. तीनशे अंडी मिळाली तर एका अंड्यामागे खाद्याचे चार रुपये. आता तुमची गावरान घ्या. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, मध्येच खुडूक होणार, महिना-दीड महिना अंड्यांचे नाव नाही. ग्रामप्रियासारखी सुधारित जात आणली तर साधारण दीडशे. तेवढेच खाद्य घातले तर अंड्याला आठ रुपये पडले, आणि गावरानचे तर वीस. दुकानात सहा-सात रुपयांना मिळणाऱ्या वस्तूसाठी बायकांनी सकाळ-संध्याकाळ राबायचे, याला काय म्हणायचे?

वहिनी : भावजी, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण ते कोंडलेल्या कोंबडीचे आहेत. परसातली कोंबडी सगळे खाद्य आपल्या हातून घेत नाही. सकाळी खुराडे उघडले की ती वाळवी उकरते, गवताचे बी टिपते, गोठ्यातल्या शेणातले किडे वेचते, खळ्यावर सांडलेले भात खाते. भात कांडले की कणी आणि कोंडा घरातच निघतो. आपण तिला संध्याकाळी मूठभर, साधारण 40 ग्रॅम, भरडा घालतो. तोही तिने खुराड्यात परत यावे म्हणून. आठ कोंबड्या धरा. दिवसाला 320 ग्रॅम, वर्षाला 117 किलो. अर्धे घरचे असले तरी सगळे विकतचे समजून किलोला 25 रुपये लावते, म्हणजे 2,900 रुपये. आठ तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) दोनशेच्या भावाने 1,600. लस, औषध, खुराड्याची डागडुजी यांचे पाचशे. झाले पाच हजार. आठातल्या दोन मुंगसाने नेल्या, रोगाने गेल्या असे धरा. सहांची दीडशेप्रमाणे नऊशे अंडी. अंड्याला साडेपाच रुपये पडले. पुढच्या वर्षी तलंगा विकत घ्यायच्या नाहीत आणि म्हातारी कोंबडी विकली तर तिचे पैसे वेगळे.

या दोन हिशेबांत चूक कोणाचीच नाही. फरक एकाच गोष्टीचा आहे: कोंबडीने आपल्या पायांनी उकरून किती खाल्ले. परसातल्या कुक्कुटपालनाचे सगळे अर्थशास्त्र त्या उकरण्यावर उभे आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच ठरते. एका परसात रोज तयार होणारे किडे, बिया, खरकटे आणि सांडलवंड यांचे प्रमाण ठरलेले असते. त्यावर आठ कोंबड्या पोसल्या जातात म्हणून ऐंशी पोसल्या जातील असे होत नाही. संख्या वाढली की प्रत्येकीच्या वाट्याचे उकरणे घटते आणि तूट विकतच्या खाद्याने भरून काढावी लागते. मग भावजींचा हिशेब लागू होतो, आणि त्या हिशेबात गावकरी फार्मशी कधीच बरोबरी करू शकत नाही. दहा कोंबड्यांवर हाती चार पैसे राहिले म्हणून पुढच्या वर्षी शंभर आणणारे कुटुंब बहुधा इथेच अडकते. ज्याला व्यवसायच करायचा आहे त्याने शेड, खाद्य, बाजार आणि कर्ज यांचा पूर्ण विचार करून करावा. ते वेगळे काम आहे. याच कारणाने शहरातल्या गच्चीवर कोंबड्या ठेवण्याची हौस या लेखात बसत नाही. तिथे उकरायला माती नाही, सगळे खाद्य विकतचे, आणि शेजाऱ्यांची झोप हा प्रश्न निराळा.

वहिनींच्या हिशेबातला नऊशेचा आकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी वर्षाला 180 अंडी हवीत. पाच माणसांच्या कुटुंबाला ती बरोबर नऊशे होतात. म्हणजे घराची गरज भागवायला सुधारित जातीच्या आठ कोंबड्या पुरतात आणि साधारण परसाला आठ कोंबड्या झेपतात. कळपाचा आकार ठरवायला याहून चांगले माप नाही.

भावजी : समजा, साडेपाच रुपये पडतात. दुकानातले सात रुपयांना. दीड रुपया वाचवायला एवढा खटाटोप कशाला? दर आठवड्याला बाजारातून तीस अंड्यांचा ट्रे आणला की काम झाले. ना मुंगसाची भीती, ना अंगणात घाण. देशात वर्षाला चौदा हजार कोटींहून अधिक अंडी तयार होतात, वहिनी. ती परसातून आलेली नाहीत. आंध्र, तमिळनाडू, तेलंगणातल्या शेडमधून ट्रक निघतात म्हणून आपल्या गावच्या टपरीवरही अंडे मिळते.

वहिनी : ट्रे आणला की काम झाले हे खरे, पण तो आणते कोण? श्रावण-भाद्रपदात आवणी उरकलेली असते, हातात मजुरी नसते, भात यायला दोन महिने असतात. तेव्हा बाजारच्या यादीत तेल, मीठ, साबण लिहून झाल्यावर अंड्यांवर काट पडते. पैसा घरात असला तरी तो कशावर खर्च करायचा हे बाई एकटी ठरवत नाही. खुराड्यातले अंडे मात्र यादीत लिहावे लागत नाही. सकाळी तीन निघाली तर तीन शिजतात. मुलाला दे म्हणून कोणाला सांगावे लागत नाही.

भावजींनी सांगितलेले उत्पादन खरे आहे. 2023-24 मध्ये ते 14,277 कोटी अंड्यांवर पोचले आणि दरडोई उपलब्धता वर्षाला 103 झाली. शिफारशीच्या निम्म्याहून थोडी अधिक. पण सरासरीने एक गोष्ट झाकली जाते. शहरातल्या व्यायामशाळेत जाणारा तरुण दिवसाला चार अंडी खातो आणि डोंगरातल्या पाड्यावरचे मूल महिन्यात एकही खात नाही, तरी सरासरी तीच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळजवळ 69 टक्के मुलांत रक्तक्षय होता. अंड्यांचे ट्रक राज्यभर फिरत असतानाची ही स्थिती आहे. माल बाजारात असणे आणि ताटात पडणे यांत घरच्या पैशाचे, अंतराचे आणि निर्णयाचे जे अडथळे आहेत, त्यांतले बरेचसे परसातल्या खुराड्यामुळे टळतात.

सरकार हे अडथळे दूर करू पाहते, नाही असे नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या सात महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे देण्याची तरतूद आहे, आणि ती टिकावी असेच कोणीही म्हणेल. पण सरकारी अंडे अंदाजपत्रकावर अवलंबून असते. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने 2023 च्या नोव्हेंबरात घेतला. 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या असे शाळांना सांगितले. ज्या घरात आठ कोंबड्या आहेत त्या घराच्या सकाळच्या ताटावर अशा निर्णयाचा परिणाम कमी होतो. सरकारी योजनेची जागा परसाने घ्यावी असे मी म्हणत नाही. मुलाच्या वाट्याचा एक स्रोत आटला तर दुसरा हाताशी असावा, एवढेच.

रोजच्या अंड्याने मूल किती वाढते, याबद्दलही नेमके बोलले पाहिजे, कारण या विषयावर उत्साहाच्या भरात फार बोलले जाते. इक्वाडोरच्या डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा खुजेपणा 47 टक्क्यांनी घटल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण तसाच प्रयोग आफ्रिकेतल्या मलावीत झाला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले, आणि तिथे उंचीवर असा परिणाम दिसला नाही. तिथली मुले आधीपासून मासे खात होती, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी दिले. यावरून असे म्हणता येते की ज्या ताटात दूध, मासे, मटण नसते, वरण-भात किंवा भाकरी-चटणीवर भागवले जाते, तिथे अंड्याची भर सर्वांत मोलाची ठरण्याचा संभव आहे. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या पाड्यांवरची ताटे बहुतांशी अशीच असतात. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. शिवाय जीवनसत्त्व अ, ब-12 आणि कोलीन. भाकरी-भातातून हे इतक्या सहज मिळत नाही.

भावजी : पण खातात कुठे, वहिनी? गावरान अंडे बाजारात चौदा-पंधराला जाते. तालुक्याच्या बाजारी बायका टोपली भरून अंडी नेतात आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवतात. तुमचे पोषण टोपलीत बसून तालुक्याला गेले की.

वहिनी : जाते, खरे आहे. आणि विकू नका असे मी सांगत नाही. त्या पैशातून पोरीची वही येते, दवाखान्याला जायला एसटीचे भाडे निघते. कोंबडीचा पैसा बाईच्या हातात राहतो, तो कोणाला मागावा लागत नाही. पण विकायचेच असेल तर एक करा म्हणते. गावरान एक विकून फार्मची दोन घ्या आणि ती घरात शिजवा.

वहिनींच्या या सांगण्यात दोन्ही पक्षांचा मेळ आहे. तपकिरी कवच, गडद बलक आणि पांढरे कवच यांचा मुलाच्या पोषणाशी फारसा संबंध नाही. कवचाचा रंग जातीवरून ठरतो, बलकाचा रंग कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यावरून आणि मक्यावरून. प्रथिनांच्या बाबतीत दोन्ही अंडी सारख्याच तोलाची आहेत. उलट गावरान अंडे आकाराने लहान, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचे, आणि फार्मचे पन्नास-पंचावन्नचे. ग्राहक चवीसाठी आणि विश्वासासाठी दुप्पट भाव देत असेल तर तो घ्यावा आणि त्यातून मुलाच्या ताटातली अंडी दुप्पट करावीत. इथे भावजींची शेड परसाची वैरी राहत नाही, सोबती होते. अट एकच: विक्रीच्या पैशातून आधी अंडी यावीत, बाकी खर्च मागून. त्यासाठी घरात एक नियम ठरलेला हवा, की दिवसाच्या पहिल्या अंड्यांवर सहा वर्षांखालच्या मुलाचा आणि घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिचा हक्क. उरतील ती टोपलीत. नियम सोपा आहे, पण तो न ठरवता कोंबड्या घेतल्या तर भावजी म्हणतात तसेच होते.

भावजी : आता खरे दुखणे काढतो. मानमोडी रोगाची एक लाट आली की अख्ख्या आळीतल्या कोंबड्या चार दिवसांत साफ. तुमच्या नऊशे अंड्यांच्या हिशेबात तुम्ही दोनच कोंबड्या मेल्या धरल्यात. आणि बर्ड फ्लूचे काय? 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, लाखो पक्षी मारावे लागले. आमच्या फार्मच्या दारात आम्ही पाय औषधात बुडवून आत जातो, बाहेरचा माणूस आत घेत नाही. तुमच्या कोंबड्या रानपाखरांबरोबर, बदकांबरोबर एकाच डबक्यावर पाणी पितात. रोग तुमच्याकडून आमच्याकडे येतो.

वहिनी : मानमोडीवर लस आहे, भावजी, ती तुमच्याकडे टोचतात तीच. पिलू सात दिवसांचे असताना डोळ्यात-नाकात लासोटाचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, सहाव्या आठवड्याला देवीची, आठव्याला आर-टू-बीची सुई. लस कळत नाही अशी अडचण नाही. अडचण कुपीची आहे. एका कुपीत शंभर पक्ष्यांची लस येते. ती बर्फात आणायची, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवायची. आठ कोंबड्यांच्या घराने ती कशी आणायची? ब्याण्णव डोस वाया घालवायचे? म्हणून बाई आणत नाही आणि कोंबड्या मरतात. आम्ही आळीतली बारा घरे एकत्र केली तर शंभर पक्षी होतात. दिवस ठरवायचा, आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडून ठेवायच्या. उजाडायच्या आत थर्मास घेऊन निघाले की ऊन चढायच्या आत काम उरकते.

परसातल्या कुक्कुटपालनाचा हा सर्वांत नाजूक सांधा आहे, आणि बहुतेक योजना नेमक्या इथेच निसटतात. राज्याच्या योजनांतून तलंगांचे गट वाटले जातात, एक दिवसाची पिल्ले वाटली जातात, अनुदान मिळते. पण वाटप एका घराला होते आणि लस शंभरांची येते. लस न टोचलेल्या कळपात मानमोडी शिरली की हिरवी हगवण लागते, माना पिरगळतात आणि बहुतेक पक्षी दगावतात. वर्षभराचे गणित एका आठवड्यात शून्यावर येते. म्हणून कोंबड्या जरी घराघराच्या असल्या तरी त्यांचे आरोग्य आळीचे असते. बारा घरांपैकी तीन घरे लसीच्या दिवशी कोंबड्या मोकळ्या सोडून शेतावर गेली तर उरलेल्या नऊ घरांचा धोकाही पूर्ण टळत नाही. कोंबड्या कोणाला द्यायच्या याआधी लस कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या थर्मासमधून आणणार हे ठरले पाहिजे. जिथे ते ठरत नाही तिथे कोंबड्या घेऊ नयेत, हे मी स्पष्टपणे म्हणतो, कारण गरीब घराचे पाच हजार रुपये बुडणे ही लहान गोष्ट नाही.

बर्ड फ्लूबाबत भावजींच्या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणू नये. रोगाची लागण सिद्ध झाली की भोवतालच्या एक किलोमीटर परिघातले सगळे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, मग कोंबड्या परसातल्या असोत की फार्मच्या. धोका कमी करणे तेवढे हातात आहे. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. बदके आणि कोंबड्या एकत्र पाळू नयेत. कोंबड्यांना डबक्यावर न सोडता पाणी भांड्यात द्यावे. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर ते कापून खाऊ नयेत, ओढ्यात टाकू नयेत; पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळेल असा भरवसा लोकांना असेल तरच हे कळवणे होईल, आणि तो भरवसा देणे हे सरकारचे काम आहे. मेलेला पक्षी लपवणारे एक घर फार्मलाही धोक्यात घालते आणि गावालाही. नवापूरच्या उद्रेकात मोठ्या फार्मचेही अतोनात नुकसान झाले, हेही विसरू नये. हजारो पक्षी एका छपराखाली असतात तिथे रोग शिरला की आग लागावी तसा पसरतो. म्हणून दोघांनाही एकमेकांच्या शिस्तीची गरज आहे.

भावजी : आणि एवढे करून पोरांच्या आरोग्याचेच वाटोळे होते, त्याचे काय? अंगणभर शीट. रांगणारे पोर तेच हात तोंडात घालते. रात्री चोरीच्या आणि मुंगसाच्या भीतीने लोक कोंबड्या पडवीत, चुलीपाशी, कधी खाटेखाली डालतात. अंड्याने जे कमावले ते हगवणीने गेले.

वहिनी : याला मी नाही म्हणणार नाही. ज्या घरात रांगते मूल आहे आणि कोंबड्या घरातच झोपतात, तिथे मी आधी खुराडे बांधायला सांगते, कोंबड्या मागाहून.

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला पुरावाही आहे. इथिओपियाच्या ग्रामीण भागातला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच प्रश्नावर आहे. ज्या घरांत कोंबड्या होत्या तिथली मुले उंचीत सरस आढळली. पण रात्री कोंबड्या घरातच डालणाऱ्या कुटुंबांत उलटे, मुलांच्या वाढीवर वाईट परिणाम दिसला. एकाच अभ्यासात भावजीही बरोबर ठरतात आणि वहिनीही. कोंबडी कुठे झोपते, यावर ती मुलाला लाभते की बाधते हे बरेचसे ठरते. म्हणून खुराडे ही हौसेची किंवा मागाहून करायची गोष्ट नाही. घरापासून चार हात दूर, पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, जमिनीपासून दोन-तीन फूट वर उचललेले लाकडी किंवा बांबूचे खुराडे हवे. दहा कोंबड्यांना पंधरा चौरस फूट जागा रात्रीपुरती पुरते. खाली फटी ठेवल्या की शीट खाली पडते, तिथे भाताचे तूस पसरले की ती सुकते आणि आठवड्याने गोळा करून खड्ड्यात टाकता येते. परसातल्या भाजीला ते उत्तम खत होते. बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी लावावी, मोठ्या जाळीतून मुंगूस सहज आत येते. अंडी घालायला आडोशाला, अंधाऱ्या कोपऱ्यात, चार-पाच कोंबड्यांमागे एक पेंढा भरलेली टोपली. मुलाचे रांगण्याचे अंगण कुंपण घालून वेगळे करावे. अंड्यांना हात लावल्यावर, खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत. घरातल्या मोठ्यांनी हे पाळले की लहानांना वेगळे शिकवावे लागत नाही.

इथे कामाच्या वाटणीचा मुद्दा येतो, आणि तो भावजींनी सुरुवातीलाच काढला होता: बायकांनी राबायचे. चार कामांच्या वर पाचवे काम म्हणून कोंबड्या बाईच्याच गळ्यात पडणार असतील तर आक्षेप रास्त आहे. आठ कोंबड्यांचे रोजचे काम अर्ध्या तासाचे असते, पण ते तुकड्यातुकड्यांत आणि रोज करावे लागते. ते वाटता येते आणि वाटलेच पाहिजे. खुराडे बांधणे, जाळी ठोकणे, आठवड्याचे खत काढणे हे पुरुषाचे. सकाळचे पाणी आणि संध्याकाळचे मोजून कोंडणे दहा-बारा वर्षांची मुले सहज करतात. अंडी पेन्सिलने तारीख घालून टोपलीत ठेवणे, जुने आधी वापरणे, शंका आली तर पाण्यात सोडून पाहणे (शिळे अंडे तरंगते, कारण त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते) हे मुलांना हिशेब आणि निरीक्षण एकत्र शिकवणारे काम आहे. पैशाचा निर्णय मात्र बाईचा राहावा. कुटुंबाने मिळून कोंबड्या पाळायच्या याचा अर्थ काम सगळ्यांचे आणि पैसा तिच्या हाती, असा घेतला तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

राहता राहिला प्रश्न जातीचा. सुधारित जाती अंडी जास्त देतात पण सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी रवणीला बसवायला दुसरी कोंबडी लागते, नाहीतर दर दोन-तीन वर्षांनी तलंगा विकत आणाव्या लागतात. गावरान कोंबडी अंडी थोडी देते, पण एकवीस दिवस निष्ठेने अंड्यांवर बसते, पिल्लांना घारीपासून पंखाखाली घेते, कोठून काय टिपायचे ते शिकवते. म्हणून आठांत सहा ग्रामप्रिया किंवा तशाच अंड्यावरच्या जातीच्या आणि दोन गावरान, सोबत एक कोंबडा, अशी बांधणी व्यवहार्य वाटते. अंडी थोडी कमी होतील, पण बाहेरच्या पुरवठ्यावरचे अवलंबन घटेल. तरी एक ध्यानात ठेवावे: मिश्र जातीच्या अंड्यांतून आलेली पिल्ले आईइतकी अंडी देतीलच असे नाही, त्यामुळे अधूनमधून नव्या तलंगा आणाव्याच लागतात. कवचासाठी कोंबडीला प्रत्येक अंड्यामागे सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते; शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्यांची टरफले भरड्यात मिसळली की पातळ कवचाची तक्रार बहुधा थांबते. ज्या घरात हिंसा नको म्हणून आक्षेप असेल त्यांनी कोंबडा ठेवूच नये. कोंबड्याविना अंडी मिळतात आणि त्यांत जीव धरत नाही. म्हाताऱ्या कोंबडीचे काय करायचे, हे मात्र त्या घराने पाळायला घेण्याआधी ठरवावे. दोन वर्षांनी अंडी कमी होणार हे आधीच माहीत असते.

हे सगळे तोलून पाहिले तर भावजींचे तीन आक्षेप टिकतात: विकतच्या खाद्यावर परसातली कोंबडी परवडत नाही, लसीविना ती वाचत नाही, आणि घरात डालली तर ती मुलाला बाधते. तीनही मी मान्य करतो, आणि त्या तिन्हींतूनच या कामाच्या अटी तयार होतात. कोंबड्या परसाला पेलतील तेवढ्याच, लसीचा दिवस आळीने ठरवलेला, खुराडे घराबाहेर आणि कोंबड्यांच्या आधी. या अटी पाळल्या तर वहिनींचा मुद्दा उभा राहतो, आणि त्याला शेडकडे उत्तर नाही. शेड देशाला स्वस्त अंडी देते, ते तिने देत राहावे. पण श्रावणात हात रिकामा असताना पाड्यावरच्या मुलाला अंडे मिळेल याची खात्री ती देऊ शकत नाही. ती खात्री आठ कोंबड्या बऱ्याच अंशी देतात. म्हणून वाटप करणाऱ्या विभागाने आपल्या यशाचे मोजमाप किती तलंगा दिल्या यावरून करू नये. वर्षानंतर त्या घरात किती कोंबड्या जिवंत आहेत आणि सहा वर्षांखालच्या मुलाने आठवड्यात किती अंडी खाल्ली, हे दोन प्रश्न विचारावेत. अनुदानाच्या रकमेतला एक भाग खुराड्यासाठी आणि पशुसखीच्या थर्मास-बर्फासाठी वेगळा ठेवावा. आणि कोंबड्या घ्यायचा विचार करणाऱ्या कुटुंबाने पहिला खर्च पक्ष्यांवर न करता जाळी-बांबूवर करावा, शेजारच्या अकरा घरांशी लसीबद्दल बोलावे, आणि मगच तलंगा आणाव्यात.